साहेबांचा जिताडा

रायगड जिल्ह्यात सरकारी कागद हलायला वजन लागतं. ते किलोत मोजतात आणि त्याला खवले असतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, कुणालाही विचारा, हसत हसत सांगेल: टोपलीत जिताडा मासा गेला की अडलेली नोंद आपोआप वळणावर येते. खरं-खोटं त्या टोपलीला ठाऊक.

हा जिताडा येतो कुठून? तळ्यातून. खारेपाटात घरामागे नाहीतर शेताच्या कोपऱ्यात तळं खणलेलं असतं, पावसाळ्यात ते गोड्या पाण्याने भरतं. मग खाडीत पाग टाकायचा, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, तोंडाशी टपून बसायचं, बोटभर पिल्लं धरून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं विसरून जायचं. तळ्यातले बारके मासे मटकावत तो आपला आपण वाढतो. वाढतो, पण तिथे वीत नाही. अंडी घालायला त्याला समुद्राचं खारं पाणी लागतं. आणखी एक गंमत म्हणजे स्वारी जन्माला येते नर म्हणून. काही वर्षं खाऊन-पिऊन चांगली दांडगी झाली की मग मादी होते. म्हणजे साहेबांच्या टोपलीत शोभेल एवढा जिताडा ही बहुधा झालेली किंवा होऊ घातलेली आई असते. खाडीतली पिल्लं कमी का झाली, यावर परिसंवाद भरवण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

तर या माशाची बंदिस्त जागेत वीण घडवून आणण्याचं काम देशात पहिल्यांदा कुठे साधलं असेल? पेणला? अलिबागला? दापोलीच्या कृषी विद्यापीठात? नाही हो. 1997 साली, चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमच्या शेजारी मुट्टुकाडूला.

कोवलम म्हटलं की मराठी पर्यटक थेट केरळात पोचतो. हे ते नव्हे. हे चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना लागतं. 1752 साली इंग्रजांच्या क्लाइव्हने इथला किल्ला घेतला. आता त्याच्या जागेवर पंचतारांकित हॉटेल आहे, नाव ‘फिशरमन्स कोव्ह’. पाटीवर कोळी, आत पर्यटक. किनाऱ्याला स्वच्छतेचा निळा झेंडाही मिळालाय. आपली मंडळी झेंड्यापाशी फोटो काढतात, मुट्टुकाडूच्या खाडीत नावेतून एक फेरी मारतात आणि बस सोडते तिकडे जेवतात. तिथल्याच मत्स्यकेंद्राच्या फाटकाकडे कुणाचं लक्ष जाईल?

हे केंद्र 1987 साली स्थापन झालेल्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेचं. लोक तिला ‘सीबा’ म्हणतात. तिथे टाकीत जपलेल्या नर-मादीला संप्रेरक देतात, रात्री अंडी पडतात, पाण्यावर तरंगणारी अंडी अलगद गोळा करतात. त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसणारं पिल्लू निघतं. त्याला आधी डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म जीव भरवायचा, मग जरा मोठा. यानंतरचं काम खरं जिकिरीचं: दर थोड्या दिवसांनी पिल्लं चाळून लहान-मोठी वेगळी करायची. कारण एकाच घाण्यातला थोरला भाऊ संधी मिळताच धाकट्याला गिळतो. भाऊबंदकीच्या बाबतीत कोकणाला चेन्नईकडून शिकण्यासारखं काही नाही, पण चाळणी मात्र घ्यायला हरकत नव्हती.

तिथले शास्त्रज्ञ नुसते टाकीशी बसून राहिले नाहीत. इरुळा आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांनी पाण्यात हापे बांधून, म्हणजे जाळीचे पाळणे लावून, पिल्लं बोटुकली होईपर्यंत कशी सांभाळायची ते दाखवलं. मासळी बाजारातली डोकी, आतडी, कल्ले यांचा द्रव बनवून तळ्याला आणि बागेला घालायची उत्पादनं काढली, आणि ती बनवायला मच्छीमारांच्या गटांना शिकवलं. आपल्या बंदरांवरही डोकी-आतड्यांचा ढीग असतो. आपण त्यावर नाकाला रुमाल लावण्याची प्रक्रिया करतो.

आपल्याकडे काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात दिले, पनवेल 1, 2 आणि 3. कांदळवन कक्षाने 2017 पासून खाडीत पिंजरे लावून जिताडा वाढवण्याची योजना आणली. पिंजरे आले, अनुदान आलं, पिल्लांसाठी मात्र डोळे परराज्याकडे. आणि खारेपाटातलं मुख्य दुखणं भरतीचं पाणी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाचं. पूर्वी गाव ‘जोळ’ करून, घरटी माणूस देऊन तो बांध राखायचं. मग 1948 आणि 1979 असे दोन कायदे झाले आणि बांध सरकारी झाला. सरकारी बांधाला खांड पडली की ती बुजवायची कुणी, हे फायलीत ठरतं. तोवर उधाणाचं पाणी शेतात, शेतातून तळ्यात, आणि तळ्यातला जिताडा परत खाडीत. पोहायला त्याला परवानगी लागत नाही, तेवढं बरं.

याच खारेपाटाने 1933 साली चरीच्या शेतकरी संपात नांगर खाली ठेवला आणि सहा वर्षं खोतांचं भात पिकवलं नाही. त्या लोकांना तळ्यात काय सोडायचं हे शिकवायला कुणी नको. त्यांना जूनमध्ये, हाकेच्या अंतरावर, मोजून घेता येईल अशी चाळलेली बोटुकली हवी आहे. वीण कशी करायची हा प्रश्न मुट्टुकाडूला सुटून पाव शतक उलटलं. त्या संस्थेची प्रादेशिक केंद्रं दोन, एक बंगालात काकद्वीपला, दुसरं गुजरातेत नवसारीला. मधल्या आपल्या किनाऱ्याची लांबी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली आहे, 720 किलोमीटर.

तेव्हा पेणकरांनो, यंदा साहेबांकडे टोपली धाडाल तेव्हा माशाखाली बोटुकली केंद्राचा अर्जही ठेवा. केळीच्या पानात गुंडाळून ठेवा, म्हणजे भिजणार नाही.