आपण इथे आहात

आपली रिक्षा कुठल्या बोळात वळली, हे जीपीएसला वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमुळे कळतं. मात्र मॉलच्या तळघरात गाडी लावली की तेच जीपीएस हात वर करतं. इतक्या लांबून येताना उपग्रहांच्या लहरींचा जीव मुळातच एवढासा उरलेला असतो. त्यात सिमेंटचे चार स्लॅब आडवे आले की त्या तिथेच राम म्हणतात. मग परतताना बायको खांबाचा नंबर विचारते आणि नवरा ठामपणे सांगतो, ‘‘त्या लाल गाडीच्या शेजारी.’’ लाल गाडी केव्हाच गेलेली असते.

शास्त्रज्ञांनी म्हटलं, आकाशातली लहर आत येत नसेल तर आतलीच वापरू. वायफायचे डबे प्रत्येक इमारतीत चोवीस तास कोकलत असतातच. कुठल्या कोपऱ्यात कुठला डबा किती जोरात ऐकू येतो याची आधी वही भरायची आणि फोनला जे ऐकू येतंय ते त्या वहीशी ताडून बघायचं. मायक्रोसॉफ्टमधल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी 2000 साली ‘रडार’ या नावाने हे करून दाखवलं, चूकही साधारण दोन-तीन मीटरचीच. मात्र वही भरताना एकेका जागी चारी दिशांना तोंड करून मोजावं लागलं. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. ज्याला शोधायचं तोच मधे उभा! शिवाय कोणी लोखंडी कपाट हलवलं की ते पान बाद.

एवढी यातायात कोणासाठी? आजोबांना हॉस्पिटलात एक्स-रेची खोली सापडावी म्हणून? छे. आजोबा अजून वॉर्डबॉयलाच विचारतात, तो हवेत हात फिरवून ‘‘सरळ जाऊन डावीकडे’’ म्हणतो आणि आजोबा उजवीकडे वळतात. घाई होती दुकानदारांना. कुठलं गिऱ्हाईक कुठल्या विभागात किती वेळ घुटमळतं, हे अमेरिकेतली नॉर्डस्ट्रॉम ही दुकानसाखळी लोकांच्या फोनचे वायफाय संकेत टिपून पाहत होती. गिऱ्हाइकं कुरकुरली, तेव्हा मे 2013 मध्ये तिने ते थांबवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या सिटी भागातले कचऱ्याचे डबे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन टिपताना सापडले. हो, कचऱ्याचे डबे. तिथल्या पालिकेने ते बंद करायला लावलं. आपल्याकडच्या डब्यांना अजून कचराच टिपता येत नाही, तेव्हा आपण तूर्त निर्धास्त.

फोन खिशात गप्प बसलेला दिसतो, पण ‘ओळखीचं वायफाय आहे का कोणी?’ म्हणून स्वतःचा वायफायसाठीचा क्रमांक सांगत हाका मारत असतो. हा भोळेपणा ओळखून ॲपलने 2014 पासून आयफोनला खोट्या क्रमांकाने हाका मारायला शिकवलं. यंत्राने आपल्या भल्यासाठी खोटं बोलावं, हे दिवस आले.

लंडनच्या भुयारी रेल्वेने निदान ही टिपाटिपी फलक लावून, सांगून-सवरून केली. 2016 मध्ये चार आठवडे प्रवाशांचे फोन टिपले, तेव्हा किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला लोक किमान 18 वाटांनी जातात असं निघालं. गर्दी कुठे तुंबते हे कळणं चांगलंच. पण कुठल्या जाहिरातीपुढून किती डोळे जातात तेही यातून कळेल, हा फायदा अहवालात नोंदवायला कोणी विसरलं नाही.

आता जिवाचा प्रश्न. अमेरिकेत मोबाइलवरून आणीबाणीच्या 911 ला फोन केला तर माणूस किती उंचीवर आहे हेही कळायला हवं, असा नियम 2019 मध्ये ठरला. किती अचूक? इमारतीतून आलेल्या 80 टक्के कॉलमध्ये तीन मीटर वर किंवा खाली. तीन मीटर म्हणजे जवळजवळ एक मजला. आग चौथ्यावर लागली आणि बंबवाल्यांनी पाचव्यावरच्यांचं दार ठोठावलं किंवा तिसऱ्यावरच्यांचं, तरी सगळं नियमात बसतं. उरलेल्या 20 टक्क्यांनी खिडकीतून टॉवेल हलवावा.