सामाईक नाक

आमच्या घराण्यात जमीनजुमला फारसा कुणाच्या वाट्याला आला नाही. आलं ते नाक. मध्यावर ठसठशीत उंचवटा आणि शेंड्याला खाली बाक, असं हे नाक आईकडून ताईकडे आणि ताईकडून भाचीकडे वाटणीपत्राशिवाय, बिनतक्रार पोचलं. त्यामुळे नोकरीला लागून चार पैसे गाठीला बांधल्यावर भाचीने "मी नाकाचं ऑपरेशन करून घेणार" असं जाहीर केलं, तेव्हा ती स्वतःच्या नाकाबद्दल बोलतेय हे कुणाच्या ध्यानातच येईना. सामाईक भिंत पाडायला निघाल्यासारखी प्रत्येक हिस्सेदाराने आपापली हरकत नोंदवली.

आई म्हणाली, "म्हणजे माझंच नाक कापणार म्हण की." ताईचं म्हणणं, आधी लग्न ठरू दे. मावशीचं म्हणणं, लग्न ठरायचंय म्हणूनच आधी करून घे. भावजी हिशेबी. नुसतं दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन विम्यात बसत नाही, पण नाकाचा पडदा वाकडा असून श्वासाला अडथळा होत असेल तर तेवढ्या दुरुस्तीचा विचार होऊ शकतो, हे त्यांनी कुठूनसं काढलं. त्या दिवसापासून ते मुलीला रोज सकाळी आशेने विचारू लागले, "काल रात्री घोरलीस का गं?"

सर्जनकडे सोबत म्हणून मला नेलं, कारण निवृत्त माणसाला स्वतःची कामं नसतात असा समज आहे. भाचीने फोनमध्ये एका नटीचं नाक नेलं होतं. डॉक्टरांनी ते बघितलं आणि सांगितलं, "हे त्यांच्या चेहऱ्यावर छान आहे." मग कॉम्प्युटरवर तिचाच फोटो घेऊन उंचवटा पुसून दाखवला आणि लगेच बजावलं, की हे चित्र म्हणजे अंदाज, करारनामा नव्हे. कातडी जाड असेल तर आत केलेली कलाकुसर बाहेर फारशी उमटत नाही. पुढची माहिती मात्र सोबत आलेल्या ताईपासून लपवायला हवी होती. दोन नाकपुड्यांच्या मधल्या दांडीवर बारीक छेद, उंचवटा कापून-घासून सपाट, टोकाला आधार म्हणून पडद्यातली, नाहीतर कानाची, क्वचित बरगडीची कूर्चा, आणि गरज पडली तर नाकाचं हाड दोन्हीकडून मोडून जवळ आणायचं. "मोडून?" ताई ओरडली. "आणि पैसे आपण द्यायचे?"

भाचीला धीर यावा म्हणून मी इतिहास काढला. इतिहास आपल्या पुण्याचाच आहे. कावसजी नावाचा एक मराठा गडी इंग्रज फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो कपाळावर पसरून कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तशीच ठेवायची म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती फिरवून खाली बसवायची. वर पाण्यात कालवलेला काथ फडक्याला लावून, आणि चार दिवसांनी तुपात भिजवलेलं फडकं. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर हे बघत उभे होते. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने चित्रासकट वर्णन छापलं, आणि पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिथे तोच प्रयोग केला. आज जगभर कपाळाच्या कातडीने नाक बांधतात त्या पद्धतीला भारतीय पद्धत म्हणतात. भूल तेव्हा नव्हती, हे मी मुद्दाम शेवटी सांगितलं.

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, त्याला नाक हवं होतं. मला हे नकोय."

ऑपरेशन दोनतीन तासांत उरकलं. खरा कस त्यानंतर लागतो. नाकावर आठवडाभर कडक पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं, अशा अवतारातल्या तिला मी सोसायटीच्या फाटकातून आत आणलं, तेव्हा वॉचमनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी जन्मात विसरणार नाही. उशा रचून डोकं उंच ठेवून झोपायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. अशा घरात आईने पहिल्याच दिवशी सुक्या मिरच्यांची फोडणी दिली. सूड नव्हता, म्हणते. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही म्हणून भाचीने तो चिकटपट्टीने कपाळाला टांगला होता. शिंक यायची चाहूल लागली की एका हाताने चष्मा धरून, आ वासून ती जी उभी राहायची, ते बघून देवघरातला गणपतीसुद्धा सोंड आवरून बसला असेल.

पट्टी निघाली तेव्हा ती रडली. शेंडा सुजून वर गेलेला. डॉक्टरांना याचं नवल नव्हतं: बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, शेंड्याची मात्र वर्षभर रेंगाळते, तोवर नाकाचा निकाल लावायचा नाही. काहींना पुन्हा दुरुस्ती लागते, तीही साधारण वर्षाच्या आत करत नाहीत. क्वचित रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो, श्वासच कोंडतो. हे सगळं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आम्ही तेव्हा खर्चाचा आकडा बघत होतो.

आता नाक सरळ आहे, चांगलं आहे. चाफेकळी नव्हे, आमच्याच घराण्याचं, पण भांडण मिटवलेलं. आईने परवा जवळून निरखलं आणि एवढंच विचारलं, "नथ कधी घालता येईल?"

तुमच्याकडे कुणी असं नाक करून घेतलं आणि भेटायला जावंसं वाटलं, तर फुलं नेऊ नका. नाक चोंदलेलं असतं, वास येत नाही. विनोद सांगू नका. वरचा ओठ ताठलेला असतो, हसवत नाही. आणि "आधीचंच बरं होतं" हे वाक्य निदान वर्षभर तरी पोटात ठेवा.