पोषाखाचा पंचनामा

धनजच्या शिवारात लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत खोचून सोयाबीन निंदणाऱ्या आजीबाईंची उघडी पोटरी पाहून ज्यांच्या शुचितेस आजवर यत्किंचितही धक्का पोचला नाही, तेच सदाचाराचे स्वयंनियुक्त मुखत्यार, कारंज्याच्या एस.टी.तून उतरणाऱ्या कन्येची जीन्स दृष्टीस पडताच पारावर व्याकूळ होतात. आणि तिची कोणी छेड काढलीच, तर आरोपीस सोडून प्रथम पोषाखाचा पंचनामा करतात. (खुद्द पंचांच्या अंगावर फाटक्या बनियनखेरीज काही नसते, ही बाब दप्तरी दाखल होत नाही.) ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, तिरखुऱ्याच्या रिसॉर्टातील तोकड्या स्कर्टांमधले नृत्य अश्लील ठरत नाही, असा निर्वाळा देऊन गुन्हा रद्द केला, त्याची नक्कल पारावर अद्याप पोचलेली दिसत नाही. भारतीय न्याय संहितेतील लैंगिक छळाच्या कलम ७५ मध्ये तर पीडितेच्या पोषाखाचा उल्लेखही नाही.