घोड्याचं त्रैराशिक

सोसायटीत प्रस्तुत लेखकाला 'डॉक्टर' म्हणतात. आपण वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, हे कुणी विचारलं तर तो लपवणार नाही. अजून कुणी विचारलेलं नाही.

परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मनीचं अंग तापलंय. पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का? लहान मुलांना देतातच की!"

अशा प्रश्नांसाठीच तो जगतो. "वहिनी, कणभरही नको," म्हणत त्यानं बैठक मारली. माणसाचं यकृत ज्या वाटेनं पॅरासिटामॉलचा निचरा करतं, ती वाट मांजराकडे जवळजवळ नसतेच. मग विष साठतं, रक्त प्राणवायू वाहीनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. त्यानं मान वर केली, तर वहिनी केव्हाच पशुवैद्यांना फोन लावायला गेल्या होत्या. योग्यच केलं त्यांनी. पण निदान हिरड्यांपर्यंत तरी थांबायचं!

उलट्या दिशेचा प्रवास याहून रंगतदार. आपल्याकडे जनावरांच्या औषधावर 'माणसांसाठी नाही' असं छापावं लागतं, शिवाय जनावराच्या डोक्याचं चित्र काढावं लागतं. तरी कोरोनात आयव्हरमेक्टिनवर लोक तुटून पडले. औषध तसं खानदानी. 1981 पासून जनावरांत, 1987 पासून माणसांत, आणि 2015 साली त्याच्या शोधकर्त्यांना नोबेल. गोव्यात मे 2021 मध्ये ते सरसकट सगळ्या प्रौढांना देण्याची घोषणा झाली. अमेरिकेत काहींनी घोड्यांची पेस्टच गाठली. 'तुम्ही घोडे नाही', हे तिथल्या औषध प्रशासनाला जाहीरपणे सांगावं लागलं.

त्या पेस्टची एक नळी सुमारे 567 किलोंच्या घोड्याच्या मापाची, दर किलोला 200 मायक्रोग्रॅम. माणसाला काही जंतांवर डॉक्टर देतात तेही दर किलोला 200च! लेखकातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. एका नळीत आपल्यासारखे किती? त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं आठ. "वजन कोणत्या सालचं धरलंत?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

वजन खरं धरलं तरी हिशेब फसतोच. पेस्टमधले बाकीचे पदार्थ माणसाच्या पोटात जातील, असं धरून कुणी तपासलेले नसतात. आणि कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत एक जनुक बिघडलेलं असतं. इतर कुत्र्यांना पचणारी आयव्हरमेक्टिनची मात्रा त्यांच्या थेट मेंदूत शिरते. कुत्र्याकुत्र्यांत जिथे जमत नाही, तिथे माणसाघोड्याचं काय घेऊन बसलात?

आता गिधाडं. (घरचे या ठिकाणी उठून जातात.) डायक्लोफिनॅक माणसाच्या सांधेदुखीवर चालतं, म्हणून गुरांनाही टोचू लागले. गुरं मेली की गिधाडं ती खात, त्यांची मूत्रपिंडं निकामी होत, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक संपली. कारण 2004 साली उघड झालं. 2006 मध्ये गुरांसाठी बंदी आली, तर लोकांनी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात नेल्या. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम हाताशी असताना! इथे लेखकाचं डोकं खरंच फिरतं. आपण कुणाच्या ताटात काय वाढतोय, याची चौकशी करायला त्या पक्ष्याला शेजारची वहिनी नव्हती.

शेवटी 2015 मध्ये माणसांचं हे इंजेक्शन फक्त 3 मिलिलिटरच्या एकेका मात्रेतच विकायचं ठरलं. माणसाला पुरे, बैलाला मात्र बाटल्यांमागून बाटल्या फोडाव्या लागाव्यात.

गेल्या महिन्यात कंबर धरली तेव्हा दवाखान्यात सिस्टरांच्या हातात लेखकाला नेमकी तीच बाटली दिसली. पालथं पडल्यापडल्या त्यानं तिचा इतिहास भरतपूरच्या गिधाडांपासून सांगायला घेतला.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "गिधाडांचं नंतर. आधी अंग सैल सोडा."