सुवाच्य हातगोळे

माझे भावोजी हातगोळे जमवतात. पुण्यात हे वाक्य उच्चारलं की ऐकणारा आधी दाराकडे बघतो. म्हणून पुढचं घाईघाईने सांगावं लागतं: भावोजी अमेरिकेत केंटकीला असतात, निवृत्त आहेत, आणि त्यांचे हातगोळे पोकळ, भोक पाडून निकामी केलेले आहेत. ताईचं म्हणणं, भोकं पाडलेलीच वस्तू आणायची होती तर झारा आणायचा.

तिकडे शनिवार-रविवारी जुन्या लष्करी सामानाचे बाजार भरतात. हेल्मेटं, पदकं, पट्टे, पाण्याच्या बाटल्या आणि एका टेबलावर ओळीने मांडलेले हातगोळे. भावोजी तिथे खिशात भिंग घालून जातात आणि मी त्यांचं जाकीट धरायला.

या बाजारात अख्खा गोळा खोटा असतो असं नाही. बऱ्याचदा गोळा खरा आणि घराणं खोटं. कारण उघड आहे. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सचा गोळा १९१५ मध्ये ब्रिटिश फौजेत आला, आणि पहिल्या महायुद्धातच असले साडेसात कोटींच्या आसपास गोळे तयार झाले. एवढ्या पिकाला भाव कुठला मिळणार? मग कुणीतरी गोळ्याच्या बुडाच्या झाकणावरचा आकडा सुधारतो. अशा एका झाकणावर साल होतं १९१४! भावोजी विक्रेत्याला एवढंच म्हणाले, "हा फारच लवकर आला हो."

जर्मन दांड्याच्या गोळ्याचं तर विचारूच नका. साधा गोळा स्वस्त; त्यावर हिटलरच्या एसएस दलाच्या दोन विजा ठोकल्या की भाव वर. वाळूचा रंग फासला की तो थेट जर्मन सेनापती रोमेलच्या हाताखाली आफ्रिकेत लढून आलेला. सहारा वाळवंट या लोकांच्या गॅरेजमध्ये डब्यातून मिळतं.

तपासणीची सुरुवात गरुडापासून होते. जर्मन शस्त्रखात्याचा तपासनीस माल पास केला की एक इवलासा गरुड आणि त्याखाली आपला क्रमांक ठोकायचा. शेजारी कारखान्याची खूण आणि साल. आता गंमत बघा. कारखान्यांची नावं लपवायला अक्षरी संकेत वापरायचे, ही पद्धत १९४० च्या सुमाराची. त्याआधी आकडे होते. त्यामुळे एकाच दांड्यावर १९३६ साल आणि तीन अक्षरांचा संकेत शेजारी शेजारी नांदताना दिसले, की भावोजींच्या चेहऱ्यावर सोयरीक मोडायला निघालेल्या मामाचे भाव येतात.

गोळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत एक सूचना असते: वापरण्यापूर्वी स्फोटक टोपी बसवा. युद्धाच्या धामधुमीत सैनिकाला हे लिहून सांगावं लागत होतं, याचं मला अजून नवल वाटतं. एका गोळ्यावर हीच सूचना इतकी सुबक होती की मलासुद्धा ती ओळखीची वाटली. भावोजींनी भिंग माझ्या हातात दिलं. अक्षरं एरियल टाइपातली होती. एरियल तयार झाला १९८२ मध्ये, आणि गोळ्यावर साल १९४२!

पण भावोजींचा खरा राग सुबकपणावरच आहे. कारखान्यातला शिक्का कोण मारत होतं? पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो बायका राबत होत्या. अख्खी रात्र लोखंड हाताळणारी बाई शिक्का नीट मध्यभागी बसला का हे बघत बसेल? एक तिरका, एक अर्धा, एक नको तितका खोल, आणि त्यावरून रंगाचा हात. नकली शिक्केवाल्याला मात्र वेळच वेळ. त्याचा ठसा सरळ, सगळीकडे सारखा खोल, कडा धारदार, आणि रंग फोडून आत गेलेला. म्हणजे आधी रंग, मग शिक्का. शिवाय आपल्याला माहीत असलेली एकही खूण वाया जाऊ नये ही त्याची तळमळ. गरुड दोनदा, संकेत तीन ठिकाणी, साल दांड्यावरही आणि डोक्यावरही. लग्नपत्रिकेत एकही काका सुटू नये तसं.

जुनेपणाही वरून लावता येतो. लाकूड चहाच्या पाण्यात बुडवायचं, लोखंड मिठाच्या पाण्याने ओलं करून मातीत पुरायचं. आमच्याकडे एवढ्या साहित्यात लोणचं होतं.

आणि या सगळ्याच्या वर गोष्ट असते. "आजोबांनी नॉर्मंडीहून स्वतः आणला," विक्रेता डोळे ओले करून सांगतो. जमवणाऱ्यांचा नियम आहे, वस्तू विकत घ्या, गोष्ट घेऊ नका. भावोजी तो काटेकोर पाळतात, पण गोष्ट पूर्ण ऐकतात. फुकट असते.

एका बाबतीत मात्र ते भिंग काढतच नाहीत. गोळ्याला भोक नसेल, आत काय आहे हे कुणाला सांगता येत नसेल, तर ते मागे सरतात आणि पोलिसांना बोलवायला सांगतात. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले गोळे नांगराला अजून लागतात, आणि ते अजून उडतात. तिथे शिक्का खरा की खोटा हा प्रश्न फार उशिराचा.

मिल्सच्या वंशातला ३६ नंबरचा गोळा आपल्या लष्करानेही दशकानुदशकं वापरला. त्याच्या जागी आणलेला नवा गोळा नागपूरला तयार होतो, आणि त्याची पहिली खेप २०२१ मध्ये लष्कराच्या हाती पडली. भावोजींना ही बातमी मीच सांगितली. ते म्हणाले, "शिक्का कसा मारतात, विचारून ठेव." नागपूरच्या दारूगोळा कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून हे कसं विचारायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

केंटकीहून निघताना त्यांनी मला भेट द्यायला एक गोळा काढला. लाकडी पाटीवर बसवलेला, खाली लिहिलेलं: 'तक्रार विभाग. कृपया नंबर घ्या.' नंबर एकच, आणि तो गोळ्याच्या पिनेला अडकवलेला. तिकडे हा विनोद कचेऱ्यांतून सर्रास दिसतो. हा शंभर टक्के नकली, म्हणून भावोजी निर्धास्त होते. पण अमेरिकेच्या विमानतळावर नकली, पोकळ, शोभेचा, सगळे हातगोळे सारखेच बंद आहेत, हातातल्या पिशवीतही आणि मोठ्या बॅगेतही. तिथे गरुडाखालचा क्रमांक कुणी बघत नाही.

पाटी भावोजींकडेच राहिली. आता ती ताईच्या ओट्याशेजारी आहे. नंबर ताईने केव्हाच घेतलाय.