घोडी सारंगखेड्यात, गिऱ्हाईक सुरतेत

"काय वं माय, ऐकलं का?" शेजारच्या काकूंचा हा आवाज कुंपणावरून आला की आमच्या घरातला गॅस बारीक होतो. बायको बाहेर गेली. मी पेपरामागून कान लावले.

"आमचा धाकटा दीर सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकायला गेलाय. दत्तजयंतीपासून तळ ठोकून बसलाय. गिऱ्हाईक सुरतेचं. म्हणालं, यायला सवड नाही, मोबाइलवर लाइव्ह चाल दाखवा. पोरानं मोबाइल धरला, घोडी रेवाल चालीवर निघाली, आणि मेलं चित्रच थिजलं! घोडीचा पाय वर तो वरच. आवाज मात्र चालू."

"नेट अडकलं असेल."

"टॉवर फुल होता म्हणे!"

"फुल टॉवर म्हणजे टॉवरचं आपल्याला ऐकू येतंय, एवढंच. आपलं त्याला किती ऐकू जातंय ते निराळं." बायकोचं शेवभाजीचं चॅनल आहे, त्यामुळे या विषयात तिला मध्येच तोडायची घरात कुणाची हिंमत नाही. "त्यात यात्रेतली सगळी माणसं एकाच टॉवरला लोंबकळलेली, आणि जो तो घोड्यांचा नाच वर चढवतोय."

"अगं, पण रात्री तो तिथंच बसून सिनेमा बघतो."

"सिनेमा खाली उतरतो, काकू. पुढचा थोडा आधीच उतरवूनही ठेवतो. लाइव्ह वर चढतं, त्याला साठवायला वेळ कुठला? स्पीड तपासताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून हुरळू नका, अपलोडचा बघा. 720 च्या चित्राला 3-4 एमबीपीएस तरी हवेत. आवाजाला त्याचा विसावा भागही पुरतो."

"आधी पोरगा यूट्यूबवर दाखवणार होता."

"तिथं फोनवरून लाइव्ह जायला 50 सबस्क्रायबर लागतात. पहिल्या वेळी तर सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. वर मागे डीजेचं गाणं वाजलं की नेट चांगलं असूनही चित्र झाकलं जायची भीती."

मला राहवलं नाही. पेपर खाली ठेवून म्हटलं, "देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या शहादा तालुक्यात, टेंभलीला दिलं. 29 सप्टेंबर 2010. खुद्द पंतप्रधान आले होते. आणि इथून एक घोडी सुरतेला दिसत नाही?"

"पंतप्रधानांना घोडी विकायची नव्हती, भाऊ," काकू म्हणाल्या. मी पेपर परत उचलला.

"मग नवा मोबाइल घ्यावा का गं?"

"मुळीच नको. क्वालिटी 480 वर आणा, नाही जमलं तर 360 वर. दुसरं सिम निराळ्या कंपनीचं असेल तर डेटा त्यावर टाका. बॅटरी सेव्हर बंद करा. आणि गर्दीतून बाहेर पडून तापीच्या अंगाला जा, तेही पहाटे, यात्रा झोपेत असताना. त्यापेक्षा सरळ रेकॉर्डिंग करून शहाद्याला आल्यावर पाठवा ना."

"तेच नको म्हणतं गिऱ्हाईक! म्हणतं, जुना व्हिडिओ दाखवून लंगडं जनावर गळ्यात मारतात."

यावर बायकोकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते गिऱ्हाइकाचं बरोबरच होतं. तीच घोडी आज, आत्ता नीट चालते का, हे लाइव्हशिवाय कळायचं कसं?

"मग सौदा मोडला?"

काकू कुंपणावर आणखी वाकल्या. आवाज खाली आला, म्हणजे त्यांच्या मानानं. "मोडतोय कुठला! चित्र थिजलं म्हणून पोरानं मोबाइल तसाच खाटेवर ठेवला. बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आमचा दलाल एरवी रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारा माणूस. तो दिराला म्हणाला, दीड लाख मागू, सव्वावर सोडू. दोन मिनिटांत सुरतेहून फोन. म्हणे, चित्र काही दिसलं नाही हो, पण तुमचा सव्वाचा भाव मला पटला."