आधी जन्मठेप, मग फाशी

युगांडाचा २०२३चा समलैंगिकताविरोधी कायदा ज्यानं लिहून काढला, त्या मसुदेकाराला एकदा भेटायचंय. भांडायला नाही. हिशेब समजून घ्यायला.

समलैंगिक संबंधाला जन्मठेप. दोघंही सज्ञान असोत, राजीखुशीचा मामला असो, दाराला आतून कडी असो, जन्मठेप. इथवर समजलं. पुढं 'गंभीर समलैंगिकता' असा वेगळा गुन्हा आहे, त्याला फाशी. त्या यादीत लहान मुलांवर अत्याचार करणारे आहेत, आणि त्यांच्याच पंगतीला पाट मांडून बसवलाय सराईत गुन्हेगार. सराईत म्हणजे याच भानगडीत आधी शिक्षा झालेला.

म्हणजे पहिल्या खेपेला जन्मठेप, दुसऱ्या खेपेला फाशी. आता मला सांगा, ही दुसरी खेप माणसानं करायची कधी? जन्मठेप भोगून, काठी टेकत घरी यायचं, कवळी वाटीत काढून ठेवायची आणि मग सराईतपणाला लागायचं? कायद्याचे जाणकार म्हणतील, अहो, जन्मठेप ही कमाल शिक्षा, न्यायाधीश कमीही देऊ शकतो. मान्य. पण मग गंमत बघा. निर्दय न्यायाधीश भेटला तर माणूस मरेपर्यंत कोठडीत, म्हणजे फाशीपासून सुरक्षित. दयाळू भेटला, पाच वर्षांवर सोडलं, तर त्याचा फासाकडे जाण्याचा रस्ता मोकळा. तेव्हा युगांडात असा खटला अंगावर आलाच तर चांगला वकील अजिबात करू नये. दुसरी वाट तुरुंगातल्या तुरुंगात गुन्हा करण्याची, आणि तिची सोय मात्र सरकारनं चोख ठेवली आहे. पुरुषाचं पुरुषावर प्रेम, हा गुन्हा. त्यावर उपाय म्हणून त्याला कुठं ठेवायचं? जिथं पुरुषांशिवाय कुणी नाही अशा जागी, जन्मभर. कंपालातल्या लुझिरासारख्या तुरुंगात, जिथं कैदी मावत नाहीत म्हणून अंगाला अंग लावून झोपतात. बाई असेल तर बायकांच्या तुरुंगात. दारूड्याला सुधारायला गुत्त्यात डांबावं, तसलं हे शहाणपण! आणि फाशीनंतर तिसऱ्यांदा गुन्हा केला तर काय करायचं, याबद्दल कायद्यात चकार शब्द नाही. मसुद्याची घाई झाली असावी.

(हे सदर कंपालात छापलं असतं तर 'प्रचारा'च्या कलमाखाली वीस वर्षांपर्यंत आत जायची पाळी आली असती. संपादकांनी हसू नये, छापणारेही त्यात येतात.)

वर छाती पुढं काढून सांगतात, हे सगळं आफ्रिकी संस्कृतीच्या रक्षणासाठी. संस्कृती! तिथल्या १९५०च्या दंडसंहितेत 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंध हा गुन्हा होताच, आणि १९५०मध्ये तिथं राज्य होतं साहेबाचं. देश सुटला १९६२ला. याच साहेबानं हाच 'निसर्गक्रम' १८६०मध्ये कलम ३७७ म्हणून आपल्याही गळ्यात बांधला होता. आपणही तो भारतीय संस्कृतीचा दागिना समजून सप्टेंबर २०१८पर्यंत मिरवला, मग कोर्टानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो उतरवला. साहेबाचे पुतळे हलवले, रस्त्यांची नावं बदलली, आणि दुसऱ्याच्या शेजघरात खुपसलेलं त्याचं नाक तेवढं वडिलोपार्जित म्हणून जपलं. आपण ते जपलं. युगांडानं त्याला फास जोडून दिला, हा तिथला स्वदेशी भाग. माझं डोकं फिरतं ते इथं. उधारीच्या क्रौर्याला परंपरा म्हणायचं आणि जिवंत माणसाला परकी लागण!

कायदा मोठ्या मनानं असंही म्हणतो की नुसत्या संशयावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही. ठरत नाही खरं, पण संशय आला की शेजारी पैसे उकळतो, घरमालक कुलूप बदलतो. घरमालकाचं तरी काय चुकलं म्हणा, जाणूनबुजून अशा कामाला जागा दिली तर दहा वर्षांपर्यंत कैद त्यालाच होती. एप्रिल २०२४मध्ये न्यायालयानं मोजक्या तरतुदी कापल्या, त्यात ही गेली. सराईताची राहिली. घरमालक सुटला. भाडेकरूची गादी आणि स्टोव्ह तोवर केव्हाच रस्त्यावर आले होते, आणि जागा देणं आता गुन्हा नाही म्हणून त्याला शोधायला कुणी घरमालक किल्ली घेऊन निघाल्याचं काही माझ्या ऐकण्यात नाही.